विरजण मागणाऱ्या मावशी

चूक माझीच. पुंडलिकनगरातल्या आमच्या बिल्डिंगचा सेक्रेटरी म्हणून मी त्यांना जिन्यात अडवलं आणि म्हणालो, "मावशी, सारखं विरजण मागता, एकदा दही विकत का नाही आणत?"

समोरच्या बिल्डिंगमधल्या त्या साठीच्या बाई. नाव मला अजून माहीत नाही. पदर खोचलेला, हातात स्टीलची वाटी. आमच्या वरच्या मजल्यावरचा नवरा बायकोवर ओरडायला लागला, की त्या गुडघा धरून जिना चढायच्या. दार उघडेपर्यंत बेलवरचं बोट काढायच्या नाहीत. मग त्याच्या बायकोला म्हणायच्या, "विरजण दे गं जरा. मला मेलीला दही लावता येत नाय. चल, घरी येऊन दाखव." ती मावशींकडं जायची ती सकाळीच परतायची. नवरा दारात उभा. विरजणाला नाही कसं म्हणणार?

माझा प्रश्न ऐकून मावशी हसल्या. "भाऊ, माझं दही दगडावानी लागतंय. पण त्याचा हात उठायच्या आधी कुणी तरी बेल वाजवाया पाहिजे ना. तुम्ही तर टीव्हीचा आवाज वाढवता."

ते खरं होतं.

पुढच्या आठवड्यात वरून पुन्हा ओरडणं ऐकू आलं. हात रिमोटकडं गेला होता. तो मागं घेतला, स्वयंपाकघरातून हाताला लागलं ते उचललं आणि वर धावलो. मावशी धापा टाकत मागून आल्या. माझ्या हाताकडं बघून म्हणाल्या, "गाळणीत विरजण नेणार व्हय, भाऊ?"

"चुकलं, मावशी," मी बेल दाबत म्हणालो, "तेव्हाही आणि आताही."