गाडीचा पोळा

मालकांचा माझ्यावर विश्वास नव्हता आणि माझा त्यांच्यावर नव्हता, त्यामुळे आमचं बरं चाललं होतं. ते चिखलीचे जुने शेतकरी. पन्नास सालानंतर पिंपरीकडे कारखान्यांच्या भिंती उभ्या राहायला लागल्या, तेव्हा त्यांनी ओळखलं की आता नुसत्या बैलांवर भागणार नाही. खडकीच्या एका साहेबाकडून त्यांनी लढाईच्या आधीची एक जुनी मोटार घेतली आणि चिंचवड स्टेशनवर उतरणाऱ्या व्यापाऱ्यांना चाकणच्या कांद्याच्या बाजारात पोहोचवायचा धंदा सुरू केला. गाडी चालवायला मी. मी बीडकडचा, लष्कराच्या एका डेपोत ट्रक चालवून आलेला. परमुलखातला म्हणून मला ठेवलं, आणि परमुलखातला म्हणूनच माझ्यावर डोळा ठेवला.

पगारापेक्षा मला मोलाची होती ती गोठ्यामागची खोली. नोकरी आहे तोवर ती माझी. लग्न झाल्यापासून माझी बायको माझ्या आईवडिलांकडे राबत होती आणि मी इथे हातानं भाकरी थापत होतो. भाद्रपदात चार दिवसांची रजा काढून मी तिला घेऊन आलो. आल्या आल्या तिनं खोली सारवली, चूल घातली, आणि दाराला आतून कडी आहे का ते दोनदा लावून पाहिलं. आमचं दोघांचं असं ते पहिलंच घर. सकाळी उठल्यावर आधी दाराबाहेर जाऊन ती खोलीकडे बघून यायची.

परत आलो तर गाडी लालभडक. चाकांच्या कडा, बंपर, पायरी, सगळ्याला बैलांच्या शिंगांना लावतात तो हिंगूळ तेलात कालवून फासलेला. मी नव्हतो तेव्हा इथला पोळा झाला होता. आमच्याकडे पोळा श्रावणात उरकतो, इकडे भादव्यात असतो, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. मालकांनी बैलांबरोबर गाडीही धुतली, सजवली, तिला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. वर्षभर ओझं वाहते, मग तिचा पोळा का नको, हे त्यांचं म्हणणं. मला हसू आलं, पण मी ते मिशीत ठेवलं.

त्यानंतर आठवडाभर गाडी गुणानं चालली. मग एके दिवशी, कांद्याचे दोन अडते मागे बसलेले असताना, मोशीच्या अलीकडे खड्ड्यात चाक आदळलं आणि गाडी मेली. इंजिन बंद, हॉर्न बंद, दिव्यांचं बटण दाबलं तर काडीइतकाही उजेड नाही. मी खाली उतरलो, बॉनेट उघडलं, काही कळलं नाही, वैतागून मडगार्डावर हात आपटला आणि परत बटण मारलं. लागली चालू. अडते माझ्याकडे असे बघत होते की जणू मी मुद्दाम त्यांचा बाजार चुकवला.

हे पुन्हा पुन्हा व्हायला लागलं. कधी चाकणच्या वाटेवर, कधी स्टेशनसमोर सवाऱ्या बसल्यावर. आणि खरी गंमत पुढेच आहे. मालक शेजारी बसले की गाडी कधीच बंद पडायची नाही. ते बसले की 'हळू, हळू' करत मला बैलगाडीच्या चालीनं चालवायला लावायचे, त्यामुळे धक्का असा बसायचाच नाही. पण हे मला नंतर सुचलं. त्यांना त्याच वेळी दुसरं सुचलं होतं.

"माझ्यासंगं बरी चालती," ते म्हणाले. "तू एकला असला का मरती. असं कसं, डायवर?"

"मला तरी काय म्हाईत, मालक? तारा जुन्या झाल्यात."

"तारा माझ्यासंगंबी जुन्याच हायेत की."

माझा संशय होता त्यांच्या पुतण्यावर. तो माझ्याच वयाचा. त्याला गाडी शिकायची होती, आणि शिकून झाल्यावर माझं काय करायचं हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी गाडी उभी करून जेवायला गेलो की तो तिच्याभोवती घुटमळायचा. म्हणून मी बायकोकडून काळा दोरा घेतला आणि बॉनेटच्या फटीवर असा बांधला की कुणी ते उघडलं तर तुटावा. सकाळी बघतो तर दोरा तुटलेला. मला चोर सापडल्याचा आनंद झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे गोठ्याआड दबा धरून बसलो, तर बॉनेट उचलून आत वाकून बघणारे खुद्द मालक. मी संध्याकाळी काही खोडी करून ठेवली आहे का, ते रोज तपासत होते. मी त्यांच्या पुतण्याला राखत होतो, ते मला राखत होते, आणि गाडी दोघांनाही हूल देत होती.

दिवाळीच्या तोंडावर मालकांनी तोंडावर सांगितलं, "पुन्यांदा सवारी वाटंत उतरली तर खोली खाली कर." त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं, असं म्हणायला मला आवडलं असतं, पण मला नुसता राग आला. बायकोनं ते ऐकलं. ती चुलीतला जाळ मागे ओढत बसली.

दुसऱ्या दिवशी खेप नव्हती, आणि गाडी दारातच मेली होती. मी एक लहान दिवा घेतला, त्याला दोन तारा जोडल्या आणि एकेक जागा चाचपत बसलो. फ्यूज बघितला, बटणं बघितली, बॅटरीची टोकं घासली. गाडीत दिव्याकडे जाणारी तार एकच असते. वीज परत येते ती गाडीच्या लोखंडातून. म्हणून दिव्याची एक तार बॅटरीच्या एका टोकाला लावून दुसरी लोखंडाला टेकवली, तर तो लागायला हवा. पेटलाच नाही. दुसरी तार लोखंडावरून उचलून बॅटरीच्याच दुसऱ्या टोकाला लावली, लख्ख पेटला. म्हणजे खोट बॅटरी आणि लोखंड यांच्या मधे. तिथे तांब्याची एक विणलेली पट्टी असते, एका टोकाला बॅटरी आणि दुसऱ्या टोकाला बोल्टनं सांगाड्याला आवळलेली. बाहेरून ठाकठीक दिसत होती. बोल्ट काढला. पट्टीखाली लालभडक.

मालकांनी पोळ्याला काम हातचं राखून केलंच नव्हतं. बैलाची वेसण बदलतात, तशी त्यांनी ती पट्टी सोडली, खालचा गंज खरवडला, तिथे आणि बोल्टालाही हिंगूळ चोपडला आणि पट्टी परत आवळून टाकली. घट्ट होतं तोवर चाललं, खड्ड्यांनी बोल्ट जरा ढिला झाला तशी गाडी मरायला लागली. रंगातून वीज जात नाही. मी पत्र्याच्या तुकड्यानं सगळा रंग खरवडला, लोखंड चकचकीत केलं, बोल्ट आवळला. दिवे लागले, हॉर्न असा वाजला की कोंबड्या उडाल्या.

मालकांना हाक मारली. पुतण्याही आला. मी सगळं नीट समजावलं. मालक वाकून बघत होते, मग कंबर धरून उभे राहिले.

"लक्षुमी म्हनून लावलेला रंग त्यो. त्यानं गाडी मरंल?"

"रंग चांगलाच हाय, मालक. फक्त तिथं नको होता."

"आन एवढ्या गाडीत तुला नेमकी तीच जागा कशी गावली?"

मी दिवा दाखवला, तारा दाखवल्या. त्यांच्या तोंडावर काही उमटलं नाही. मग मला वाटलं, ह्यांना डोळ्यांनी दाखवल्याशिवाय पटायचं नाही. गोठ्यातल्या कोनाड्यात करवंटीत उरलेला हिंगूळ होता. तो तेलात कालवला, पट्टी सोडली, दोन्ही बाजूंना आणि बोल्टाला भरपूर फासला, आणि बोल्ट नुसत्या बोटांनी फिरवून बसवला. "आता बटन दाबा," म्हटलं.

मालकांनी स्वतः दाबलं. दिवा नाही, हॉर्न नाही, काही नाही. मला वाटलं, जिंकलो.

"बग रं," मालक पुतण्याला म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता. "याच्या मनात आलं का बंद. याच्या मनात आलं का चालू."

पुतण्या हसला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. तो फक्त खाली बघून बोल्ट कुठे आहे ते नीट पाहून घेत होता. मी बोलत राहिलो, आवाज चढवला, पोळ्याचा दिवस काढला, रजा काढली. जितकं बोलावं तितका मी खोटा वाटत होतो. मलाही ते ऐकू येत होतं. मालक म्हणाले, "जायच्या आदी चालू करून जा."

मी रंग पुन्हा खरवडला. थोडा मागे ठेवावा असं मनात आलं, पण ठेवला नाही. मालक आणि पुतण्या दोघंही माझ्या बोटांवर नजर रोखून उभे होते.

दुपारी आम्ही चिंचवड स्टेशनची वाट धरली. ट्रंक माझ्या डोक्यावर, गाठोडं तिच्या. खोली सोडताना तिनं जमीन पुन्हा सारवून ठेवली होती, कुणासाठी ते मी विचारलं नाही. बराच वेळ ती माझ्या मागून चालली. मग पुढे येऊन माझ्या बरोबरीनं चालायला लागली.

"अवो," ती म्हणाली, "मला खरं सांगा. आधीबी तुमीच करत होता का?"

मी म्हटलं, "न्हाई."

"बरं," ती म्हणाली, आणि पुन्हा मागे पडली.