विहिणीच्या गराजमध्ये

लेकीची मान माझ्या खांद्यावर पडली. डुलकी लागली असेल म्हणून मी तिच्या गालाला हात लावला. गाल गरम होता आणि मान एवढी सैल की आत हाड नसावं. मी हाक मारली. तिनं ओ दिली नाही. सातवा महिना चालू होता तिला.

उठायला गेले तर माझेच पाय मला उचलेनात. समोर लांबट लोखंडी पेटीत कोळसे लालभडक फुललेले, त्यावर सळयांना लावलेलं मटण फिरत होतं. जावयाचा धाकटा भाऊ भिंतीला टेकून बसला होता, तोंड उघडं. जावई दोन्ही हातांनी डोकं धरून खाली बघत होता. व्याही तेवढे उभे होते आणि हसत होते. "एक ग्लास वाइन, की पोरं आडवी," म्हणत होते.

मी ओरडले, "दार उघडा! आधी दार उघडा!"

ओरडले ती मराठीत. पंचवीस वर्षं इंग्लंडात राहून बाजारापुरतं, बसपुरतं इंग्रजी मला येत होतं, पण त्या वेळी एक शब्द तोंडात आला नाही. व्याह्यांना वाटलं, मलाही चढली. त्यांनी माझ्याकडे बघून ग्लास उंच केला.

भिंतीला धरून कशीबशी उठले आणि गराजच्या पत्र्याच्या दाराला धक्का दिला. ते खालून बाहेर ढकलून वर उचलायचं असतं. ते चार बोटं हललं आणि अडलं. बाहेर जावयाची गाडी दाराला चिकटून उभी होती. दुपारी जेवायला वीस माणसं यायची होती, त्यांच्या गाड्यांना जागा हवी म्हणून दार लावल्यावर त्यानं ती पुढे घेतली होती.

घरात जायचं छोटं दार शेगडीच्या पलीकडच्या टोकाला, तिथवर पाय नेतील असं वाटेना. मग मी मटणाची एक रिकामी सळी उचलली आणि पत्र्यावर बडवत सुटले.

हे सगळं झालं ग्रीक लोकांच्या ईस्टरला. इंग्रजांचा ईस्टर कधीच होऊन गेला होता. ह्यांचा वेगळा असतो. माझी लेक लंडनमधल्या हॅरोच्या कौन्सिलमध्ये कामाला होती आणि तिथंच तिनं हा मुलगा पाहिला. त्याचा जन्म इथलाच. बाप सायप्रसचा ग्रीक, तरुणपणी इकडे आला आणि फिश अँड चिप्सचं दुकान काढून बसला. आमचे हे तेव्हा हयात होते. त्यांनी दोन दिवस तोंड वळवलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "जेवायला काय करतात ते लोक?" म्हणजे होकार.

जेवायला ते लोक सगळंच करतात. पण विहिणीनं कुठंतरी ऐकलं होतं की हिंदू बाई मांस खात नाही. पहिलं एक वर्ष मी गेले की सगळ्यांच्या ताटात मटण आणि माझ्या ताटात फरसबी. आम्ही मराठे, आमच्याकडे रविवारी मटण नसलं तर आजारी कोण आहे असं विचारतात. तरी मी वर्षभर फरसबी खाल्ली. मुलीच्या सासरी मुलीच्या आईनं मागू नये, नावं ठेवू नयेत, ताटात पडेल ते खावं, हे मला शिकवलेलं. शेवटी लेकीलाच राहवलं नाही. तिनं सांगितलं तेव्हा विहीण माझ्या अंगावर आली. "एक वर्ष? मी वर्षभर फरसबी निवडली! तुला तोंड नाही?"

आमच्या दोघींच्या नात्याला इंग्रजीत शब्द नाही. मराठीत विहीण, ग्रीकमध्ये सिंबेथेरा. ती मला सिंबेथेरा म्हणायची, मी तिला विहीणबाई. बाकीचं मोडक्या इंग्रजीत. तिचं माझ्यापेक्षा बरं होतं, दुकानात गिऱ्हाइकांशी भांडून झालेलं.

त्या घरात कुणी हळू बोलत नसे. मीठ मागायचं तरी भांडण लागल्यासारखं. पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, लग्न मोडतंय. लेक म्हणाली, "आई, ते फुटबॉलबद्दल बोलतायत."

तर त्या रविवारी अंगणात शेगडी मांडली आणि गारा पडायला लागल्या. इंग्लंडचा एप्रिल. व्याही आकाशाकडे बघून आपल्या भाषेत बोलले, ते देवालाच उद्देशून असणार. मग दोघा मुलांनी पेटलेली शेगडी उचलून गराजमध्ये आणली. आधी मोठं दार अर्धं वर होतं. वाऱ्यानं गारा आत यायला लागल्या, तेव्हा धाकट्यानं ते खाली ओढलं. स्वयंपाकघरात उघडणारं एक छोटं दार होतं, ते विहिणीनं लावलं. सणासाठी पडदे धुतले होते, त्यांना मटणाचा वास लागू नये म्हणून.

लेकीला थंडी वाजत होती, म्हणून तिची खुर्ची शेगडीच्या सगळ्यात जवळ. मी तिच्या शेजारी. सगळे मजेत. लाल रंगवलेली अंडी एकमेकांच्या अंड्यांवर आपटायची आणि ज्याचं फुटणार नाही तो जिंकला, असा त्यांचा खेळ असतो. व्याह्यांचं अंडं कुणाला फुटेना. जावई म्हणाला, "बाबा, दाखवा बघू ते. लाकडाचं आहे!" खरंच लाकडाचं होतं. दहा वर्षं तेच वापरत होते म्हणे. एवढा गोंधळ झाला की मीही हसले.

आणि हसता हसता माझ्या कपाळात ठणका सुरू झाला.

मी चौथीपर्यंत शिकले. पण हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. माझी मावशी बाळंतीण होती. थंडीचे दिवस, खोलीत बाजेखाली शेगडी, फटींना फडकी कोंबलेली. सकाळी दार उघडलं तर मावशी आणि बाळ दोघं तशीच झोपलेली. चेहऱ्यावर काही त्रास दिसत नव्हता. त्यानंतर आई जन्मभर म्हणायची, निखाऱ्याला धूर नाही म्हणून तो गरीब समजू नका, दार लावायचं नाही.

म्हणजे मला कळलं होतं. दार खाली आलं तेव्हाच मावशी आठवली होती. तरी मी बोलले नाही. वाटलं, ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या कोळशावर मटण भाजतात, त्यांना मी काय सांगू. वाटलं, सणाच्या दिवशी सुनेची आई येऊन अपशकुन बोलते, असं नको. इंग्रजीत वाक्य जुळवत बसले. लेकीला म्हणाले, "तुला बरं वाटतंय ना?" ती म्हणाली, "आई, जरा झोप येतेय." मी म्हणाले, "टेक माझ्यावर." तिला उठवून बाहेर न्यायचं सोडून मी तिला खांदा दिला. अर्धा तास तरी गेला असेल.

सळीचा आवाज ऐकून विहिणीनं स्वयंपाकघराचं दार उघडलं. ती मधून मधून आत-बाहेर करत होती म्हणून शुद्धीत होती. मला सळी घेतलेली आणि लेकीला खुर्चीवरून घसरलेली बघून तिनं काही विचारलं नाही. हातातलं बटाट्यांचं भांडं तिथंच टाकलं. तिनं लेकीला काखेत धरलं, मी पाय धरले. साठीच्या दोन बायका, सात महिन्यांची पोटुशी. उंबऱ्यावर माझा तोल गेला आणि मी बटाट्यांत पडले. विहीण ओरडली, "पाय सोडू नको! मर, पण पाय सोडू नको!" नाही सोडले.

मागच्या अंगणात गारांत तिला झोपवलं. विहीण परत आत गेली आणि एकेकाला शिव्या घालत बाहेर काढलं. धाकट्यानं गवतावर ओकारी केली. व्याही ग्लास हातात तसाच धरून पायरीवर बसले. लेकीच्या पापण्या हलल्या, पण मला ओळखलं असं दिसेना.

हॉस्पिटलात आम्हा सगळ्यांच्या तोंडाला मास्क लावले. व्याही दर पाच मिनिटांनी मास्क वर करून विचारायचे, "मटण कोण बघतंय?" नर्स मास्क खाली करायची. शेवटी विहीण म्हणाली, "मटण ठीक आहे. डोकं तुझं करपलंय." तोवर जेवायला बोलावलेली वीस माणसं घरी न जाता थेट हॉस्पिटलात आली, अंडी घेऊन. बाहेरच्या खोलीत अंड्यांची आपटाआपट ऐकू येत होती. काळजी लागली की त्या लोकांना हाताला काहीतरी चाळा लागतो. नर्सनं सगळ्यांना बाहेर काढलं.

आमचे मास्क संध्याकाळपर्यंत उतरले. लेकीचा ठेवला. ती बोलायला लागली होती, पाणी मागितलं होतं. डॉक्टर आली, तरुण बाई होती. म्हणाली, "आई ठीक होईल. बाळाचे ठोके लागतायत. पण बाळाच्या रक्तातून कोळशाचा हा विषारी वायू उतरायला आईपेक्षा जास्त वेळ लागतो. बाळावर काय परिणाम झालाय ते आत्ता सांगता येत नाही."

"केव्हा येईल?" विहिणीनं विचारलं.

"जन्मल्यावर. काही गोष्टी त्याच्याही नंतर."

ते आठ आठवडे मला आजही नकोत. लेकीला रोज बाळाच्या लाथा मोजायला सांगितल्या होत्या. फ्रिजवर कागद चिकटवला होता, त्यावर ती रेघा ओढायची. मी सकाळी सातला फोन करायची. लागायचा नाही, कारण विहिणीचा पावणेसातला लागलेला असायचा. लेक एकदा वैतागून म्हणाली, "तुम्ही दोघी एकमेकींना फोन करा आणि मला झोपू द्या." ज्या दिवशी रेघा कमी, त्या दिवशी मी कामावर शिलाई उसवायची आणि परत घालायची. मी तेव्हा पडद्यांच्या कारखान्यात मशीनवर होते.

विहीण कुणी सुनेच्या पोटाकडे बघून "छान" म्हटलं की तीनदा थुंकायची, दुकानातल्या गिऱ्हाइकासमोरसुद्धा. मी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकायची. तिनं एकदा बघितलं आणि म्हणाली, "उद्या पण कर."

पण स्वतःला ती सारखी कोसत होती. दार मी लावलं, पडद्यांसाठी लावलं. ते पडदे तिनं काढून कचऱ्यात टाकले. खिडक्या उघड्याच. एका दुपारी लेकीच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी द्राक्षाच्या पानांत भात भरत बसलो होतो. ती परत पडद्यांवर आली आणि रडायला लागली. मला ते ऐकवेना.

"तुम्हाला माहीत नव्हतं, विहीणबाई," मी म्हणाले. "मला माहीत होतं."

तिनं हात थांबवला. "काय माहीत होतं?"

मावशीचं सांगितलं. जेवढं इंग्रजी होतं तेवढ्यात.

"आणि तू बसून राहिलीस? किती वेळ?"

"अर्धा तास."

"का?"

"तुमचं घर."

हातातलं पान तिनं टेबलावर आपटलं. भात उडाला. "फरसबी!" ती ओरडली. "परत तेच! फरसबी समजलीस?" आणि पर्स घेऊन निघून गेली.

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी सात वाजता फोन लावला की लेकीचा फोन मोकळा मिळायचा, आणि मला ते आवडत नव्हतं. पाचव्या दिवशी ती माझ्या दारात उभी, हातात झाकलेलं पातेलं. आत आली, माझ्या ओट्यावर ते ठेवलं. मटण होतं.

"ऐक," म्हणाली. "आमच्या घरात जो ओरडत नाही, तो मेला असं आम्ही धरतो. मी तुला अजून माफ केलेलं नाही. माझ्या नातवंडाचं काय होतं ते बघून ठरवीन. पण पुढच्या वेळी ओरडायचं. मराठीत ओरड. भांडी फोड."

मी म्हणाले, "मीठ कमी आहे."

"खाल्लं नाहीस अजून!"

"मागच्या वेळी कमी होतं."

ती मोठ्यानं हसली, तीनदा थुंकली आणि बसली.

लेकीला कळा सुरू झाल्या तेव्हा दोन्ही घरची माणसं बाहेर. जावई आत. बाळ झालं आणि रडलं नाही. आम्हाला बाहेर ते कळलं, कारण रडणं ऐकायलाच सगळे थांबले होते. व्याह्यांनी माझा हात धरला, हाडं दुखेपर्यंत. किती वेळ गेला माहीत नाही. मग आतून आवाज आला, बारीक, चिडलेला.

मुलगी. पुढे कान तपासले, डोळे तपासले. मान धरली ती उशिरा. बसायला लागली ती उशिरा. प्रत्येक वेळी आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो. दीड वर्षाची झाल्यावर ती विहिणीच्या स्वयंपाकघरात टेबल सोडून चार पावलं चालली. विहीण माझ्याकडे वळून म्हणाली, "ठीक आहे, सिंबेथेरा." एवढंच म्हणाली. मला पुरलं.

त्या रविवारी गराजमध्ये व्याही, त्यांचे दोन मुलगे, माझी लेक आणि मी, असे पाच जण होतो, आणि पोटात ती. सहाही जण जगलो.