माझ्या खांद्यावरची तपासणी

भंडाऱ्याहून सकाळी निघणाऱ्या तुमसरच्या बसमध्ये एक गृहस्थ रोज माझ्याशेजारी बसतात आणि माझ्यासोबत वरठीला उतरतात. भंडाऱ्याच्या दवाखान्यात झोपेच्या तपासणीवर त्यांची रात्रपाळी असते. पेशंटच्या छातीवर एक कोमट बटण चिकटवलं की सुई न टोचता अंगात कार्बन डायऑक्साइड किती साठतो ते रात्रभर स्क्रीनवर दिसतं म्हणे. बसमध्येही या माणसाची ड्युटी संपत नाही. कुणाचं घोरणं मध्येच थांबलं की हे उठून त्याचा खांदा हलवतात. "भाऊ, श्वास अडकून राहिला तुमचा. दाखवून घ्या एकदा." लोक चिडतात, हे हसतात.

"तुम्ही स्वतःला लावलं का कधी ते बटण?" मी एकदा विचारलं.

"मले लावून रातभर पाहणार कोण जी?"

परवा ते माझ्याच खांद्यावर मान टाकून झोपले. मी त्यांचा श्वास ऐकत बसलो आणि वरठी मागे पडली. मोहाडीला ते दचकून उठले.

"उठवलं काहून नाही?"

"तुमचा श्वास ऐकून राहिलो होतो."

त्यांचा राग तिथंच विरला. हळूच विचारलं, "मंग? अडकला काय कुठं?"

"एकदाही नाही."

"मंग आता तुमसरलेच उतरू," म्हणाले, आणि मान पुन्हा माझ्या खांद्यावर टाकली.