पाठचीसाठी चालू ठेवलेलं लॉगिन

दोन हजार सालानंतरची गोष्ट. पोलादपुरात माझा कॉम्प्युटर क्लास होता आणि मी स्वतःला फार शहाणा समजायचो. शिमग्याला पालखी कुणाकुणाच्या दारात यायची, याची नोंद वहीऐवजी वेबसाइटवर करायची, हे वाडीच्या मंडळाच्या गळी मीच उतरवलं. प्रत्येक घराला एक पासवर्ड. मुंबईकर तिकडून नोंद करायचे, वाडीतले एसटीने माझ्या क्लासवर येऊन.

पालखीच्या आदल्या दिवशी यादी लागली. माझ्या काकीच्या घरापुढे होतं, 'यंदा पालखी नको'.

काकी तडक क्लासवर आली. "माझ्या दारची देवी कुणी अडवली रे? मी 'यावी' म्हणून लिवलंय!"

मागोमाग मंडळाचे अध्यक्ष. "आमची वही कधी खोटं बोलली नाय. आता कागदावर हाय तेच खरं. हिच्याकडं पालखी जायची नाय."

मीही तापट. "काकी, तूच चुकीचं बटण दाबलंस," म्हणालो. मग नोंदी उघडल्या आणि माझीच जिरली. काकीच्या लॉगिनवर एकाच दुपारी दोन नोंदी होत्या. आधी 'यावी', मग 'नको'. तिच्या शेजारणीच्या घराची नोंदच नव्हती, आणि त्या घरात तर दुखवटा होता.

"काकी, उठताना 'बाहेर पडा' दाबलंस?"

"कशाला? पाठी शेजारीण उभी होती, तिला चालू ठेवून दिलं. पाठची हंडा घेऊन उभी असताना आपण नळ बंद करतो काय?"

आमच्या वाडीत कुणीच करत नाही. चूक माझी होती. नेट सारखं तुटायचं, म्हणून पुन्हा पासवर्ड मागू नये अशी सोय करून मी एकदा केलेलं लॉगिन दिवसभर चालू ठेवलं होतं. खुर्चीतलं माणूस बदललं तरी सर्व्हरच्या लेखी ती काकीच.

तिथंच बसून कोड बदलला. एक नोंद झाली की लॉगिन आपोआप संपणार. शेजारणीला बोलावून घेतलं. अध्यक्षांसमोर काकीनं 'यावी' लिहिलं आणि सवयीनं तशीच उठली. शेजारीण बसली, तर पडद्यावर प्रश्न, 'आपलं घर कोणतं?' मी टेबलावर हात आपटला. जिंकलो! अध्यक्षांनी यादी दुरुस्त केली.

दुसऱ्या दिवशी ढोल वाजवत पालखी काकीच्या अंगणात आली. काकीनं ओटी भरली आणि गर्दीत मला शोधून ओरडली, "आली रे, माझी देवी आली!"

पालखी निघताना तिनं खांदेकऱ्यांना थांबवलं आणि पालखी कुंपणाकडे वळवून घेतली. पलीकडे शेजारीण लांबूनच हात जोडून उभी होती.

"जरा थांबा," काकी म्हणाली. "पाठची उभी हाय."