पाहुण्यांची शेगडी

सावली गावाजवळच्या आमच्या खेड्यात तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, दोन खोल्या बांधायची अक्कल माझी. शहरातली माणसं येतील, स्वतःचं स्वतः रांधून खातील, पक्षी बघतील, जातील. शेगडी, भांडी, मिठाचा डबा, सगळं मी मांडून ठेवलं. नवरा म्हणाला, "पह्यले पाव्हणे खुशीनं गेले त ठीक. नाई त त्या खोल्यांत मी धान भरतो." हा माणूस बोलला की करतो, त्यामुळे माझा जीव टांगणीला.

पहिले पाहुणे पुण्याचे नवरा-बायको. आल्याआल्या बाई म्हणाली, "आम्हा दोघांना स्वयंपाकाची हौस आहे. तुम्ही काही त्रास घेऊ नका." मी म्हटलं, सोनं झालं!

पण घरात सासूबाई होत्या ना. पाहुण्यानं आपल्या दारात स्वतःची शेगडी पेटवायची म्हणजे त्यांच्या लेखी गावभर नाक कापून घेणं.

"लोक काय म्हनतीन? ह्या घरच्या बायांचे हात मोडले का?"

"आई, त्यांनी पैसे भरले आहेत."

"मंग त अजून वाईट! पैसे घेऊन उपाशी ठेवते का वं?"



दुपारी पुण्याची बाई दारात. शेगडीचा लायटर सापडत नाही म्हणे. सासूबाई जशा तयारच बसलेल्या. "जाऊ द्या ना बाई, इथी गरम भात हाय, लाखोरीची डाळ हाय, झिंगे हायत." बिचारे जेवले. मी काड्यापेटी नेऊन दिली. संध्याकाळी काड्यापेटी गायब, आणि सासूबाई पुन्हा डबा घेऊन पाळीवर. दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी तो भला माणूस तोंड पाडून म्हणाला, "आम्ही आणलेली भाजी सुकून चाललीय हो. असंच असेल तर उद्या सकाळी निघतो."

माझं डोकंच सटकलं. लायटर कुठं आहे ते मला ठाऊक होतं. सासूबाईंच्या कमरेला, पदराआड. पण सासूच्या कमरेला हात घालायची टाप कुणाची?

मग मला एक बुद्धी सुचली. मी त्या बाईला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "तुम्ही आईंना जेवायला बोलवा. आमच्याकडं जेवणाचं बोलावणं कुणी मोडत नाही. शत्रूचंही नाही."

बाई हुशार. आली, वाकून नमस्कार केला. "आजी, आज आमच्याकडे जेवायला यायचं."

सासूबाई गडबडल्या. "माह्याकडं... म्हनजे, मी? मले?"

"हो. पण शेगडी पेटायला हवी ना."

मी भिंतीकडं तोंड करून हसू दाबत होते. सासूबाईंनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, मग कमरेचा लायटर काढून पुढं धरला. "हे घ्या. इथीच पडून होता."

त्या दिवशी नेसायला पेटीतलं चांगलं लुगडं निघालं आणि मी त्यांना घेऊन पाहुण्यांच्या खोलीवर गेले. पाहुण्यांनी चटई टाकली, पाणी दिलं, आमटी-भात वाढला. आमटीत गूळ! सासूबाईंचा चेहरा असा झाला की आता उठतातच. मधेच सवयीनं उठून शेगडीकडं निघाल्या, तर पाहुण्यानं हाताला धरून बसवलं. "आजी, तुम्ही पाहुण्या." मग सासूबाईंनी दोनदा आमटी मागून घेतली.

परत येताना पाळीवर त्या थांबल्या. "गोड्डच होती. कोनी घालते का गूळ?" मग म्हणाल्या, "लगन होऊन ह्या घरात आली तवापासून सगळ्यायच्या मागूनच जेवली मी. आज पह्यल्यांदा कोनी गरम वाढलं." मला फार बरं वाटलं, आणि आईला कधी गरम न वाढणाऱ्या नवऱ्याचा तेवढाच रागही आला.

पाहुणे ठरल्या दिवसापर्यंत राहिले. गेले तसा नवरा गोणी खांद्यावर घेऊन दारात उभा. "पाव्हणे चिडले होते म्हने. धान आणू का?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई उठल्या आणि खोलीचं दार ओढून कडी घातली.

"धान तुह्या खोलीत भर. इथी माहे पाव्हणे येतेत, मले जेवाले बलावतेत."