पेणमार्गे रोह्याला : हन्नाबाईंच्या दाराचा शोध

ठाण्याहून सकाळी बस सुटली तेव्हाच मी शेजारच्या बाईंना सांगून टाकले की मी सहलीला आलेलो नाही, चुका काढायला आलो आहे. 'कोकणातील यहुदी वारसा : पेण आणि रोहे, पायी फेरी' अशी जाहिरात सुनेने मला फोनवर दाखवली होती. तीत रोह्याच्या इस्रायल आळीला 'विस्मृतीत गेलेली वस्ती' असे म्हटले होते. माझा जन्म त्या आळीतला. मी हयात असताना आणि माझी स्मरणशक्ती शाबूत असताना ती आळी कोणाच्या विस्मृतीत गेली, एवढे मला त्या मंडळींना समक्ष विचारायचे होते.

शेजारच्या बाईंचे नाव एस्तेर. वय पन्नाशीच्या पुढे, इस्रायलमधल्या अश्दोदच्या रुग्णालयात परिचारिका. तिचे मराठी आईच्या तोंडून आलेले, म्हणून जुन्या वळणाचे. रेल्वेला ती आगगाडी म्हणे आणि रुग्णालयाला इस्पितळ. तिची आई हन्नाबाई रोह्यात वाढली, लग्न होऊन मुंबईला गेली आणि तिथून इस्रायलला. आता तिला अंथरुणातून उठवत नाही.

"आईने मला एकच काम सांगितलंय, काका," एस्तेर म्हणाली. "तिच्या माहेरच्या दाराला हात लावायचा. मेझुझाला लावतात तसा. आणि लावताना तिला फोनवर दाखवायचं."

मेझुझा म्हणजे धर्मग्रंथातील ओळी आत ठेवलेली छोटी नळी. ती आम्ही दाराच्या चौकटीवर बसवतो. येता-जाता तिला बोटे लावायची आणि ती ओठांना न्यायची, असा आमचा रिवाज.

"घर ओळखशील?" मी विचारले.

"मंदारने शोधून ठेवलंय म्हणतो."

मंदार म्हणजे आमचा मार्गदर्शक. तरुण, उत्साही, कमरेला ध्वनिक्षेपक लावलेला. मी त्याच्याकडे नीट पाहिले आणि मनाशी म्हणालो, बघू.

पेणला उतरलो. गणपतीच्या कारखान्यांच्या गल्ल्यांतून चालत गेलो. फळ्यांवर रंग न दिलेल्या पांढऱ्या मूर्ती ओळीने वाळत होत्या आणि एक बाई पेटीतल्या बांगड्या निवडाव्यात तशा सोंडा निवडून जोडत होती. पुढे आमचे सिनेगॉग (प्रार्थनामंदिर). गावात त्याला अजूनही 'मशीद' म्हणतात आणि आमच्यापैकी कोणाला त्यात कधी काही वावगे वाटले नाही. मंदारने फाटकापाशी उभे राहून इतिहास सांगायला सुरुवात केली : जहाज फुटले, सात जोडपी किनाऱ्याला लागली, ती सगळे विसरली, केवळ 'शेमा' ही ईश्वराच्या एकत्वाची प्रार्थना तेवढी त्यांच्या ओठांवर राहिली.

"विसरली म्हणजे नेमके काय विसरली?" मी मागून विचारले.

"म्हणजे सर, ग्रंथ, भाषा, बरेचसे सण..."

"शनिवारी घाणा बंद ठेवायचे आठवत होते?"

"हो, म्हणून तर त्यांना शनवार तेली म्हणायचे."

"मुलाची आठव्या दिवशी सुंता?"

"हो सर, तीही."

"या खाडीत कोलंबी आणि चिंबोऱ्या (खेकडे) पायात येतात. खवले नसलेले जलचर आम्हाला वर्ज्य. आमच्या आज्या-पणज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शेजारणीच्या चुलीवरचा कोलंबीचा वास घेतला आणि आपल्या चुलीवर ती चढू दिली नाही. विसरलेली माणसे असे वागतात?"

फाटकाशी पोह्यांचे पापड विकत बसलेली एक म्हातारी हे सगळे ऐकत होती. ती म्हणाली, "बाबा, कोलंबी नाय खायाची तर कोकनात ऱ्हायलाव कशाला?"

सगळे हसले. मीही हसलो आणि तिचे पापड घेतले. मात्र मंदारला मी सांगितले की 'विसरली' हा शब्द काढून टाक. त्याने मान हलवली. ती होकाराची होती की नाही, हे मला कळले नाही.

वडखळच्या पुढे डोलवीच्या कारखान्याकडे वळणाऱ्या ट्रेलरच्या रांगेत आमची बस बराच वेळ अडकली. दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताच्या खाचरांत वाल उभा होता. एस्तेर खिडकीला नाक लावून पाहत होती. वालाचे बिरडे तिच्या घरी आजही होते, पण शेतात उभा वाल तिने कधी पाहिला नव्हता. नागोठण्याला चहा झाला. रोह्यात जेवायला बसलो तेव्हा खाणावळवाल्याने मोठ्या कौतुकाने कोलंबीचे कालवण पुढे केले. मी, एस्तेर आणि आणखी दोघांनी ते पुढे सरकवले आणि नारळाच्या रसातला जिताडा (खाडीचा खवल्यांचा मासा) मागवला. एस्तेरने पहिला घास घेतला. मग म्हणाली, "आईचा असाच होतो. मासा तेवढा वेगळा."

जेवणानंतर मंदारचा ध्वनिक्षेपक बंद पडला. त्याला घसा ताणून बोलावे लागू लागले. मला त्या यंत्राची गरज सकाळपासूनच पडली नव्हती.

इस्रायल आळीत शिरताना मी एकही चूक काढली नाही, हे मान्य करतो. आळीत आता आमची वस्ती फारशी उरलेली नाही, पण वाटेची वळणे तीच आहेत आणि कुंडलिका नदीकडून येणारा वाराही तसाच येतो. एका कौलारू घरापुढे मंदार थांबला. दाराशी नेऊन त्याने चौकटीच्या उभ्या लाकडाच्या जाडीवर, आतून-बाहेरून दोन्हीकडून दिसेल अशा जागी, बोट ठेवले. तिथे बोटभर लांबीची तिरपी खाच होती.

"ही मेझुझाची खाच," तो म्हणाला. "एस्तेर मॅडम, हे तुमच्या आजोबांचं घर."

एस्तेरने फोन सुरू केला. पडद्यावर उशीला टेकलेला एक सुरकुतलेला चेहरा दिसला. एस्तेरने हात उचलून खाचेवर ठेवला.

"थांब," मी म्हणालो.

माझा आवाज जरा मोठा होता. सगळ्यांनी वळून पाहिले.

"मेझुझा आत शिरताना उजव्या हाताला असतो. ही खाच डाव्या हाताला आहे. वर पट्टीवर गणपती कोरलेला दिसतो आहे. हे घर आमच्यापैकी कोणाचेही नव्हते. इथे माळ्याचे कुटुंब राहत असे. एस्तेर, तुझ्या आजोबांचा धंदा काय होता?"

"तेलाचा घाणा. घराला लागून विहीर होती."

"मग ते कोपऱ्यावरचे घर." मी हात करून दाखवले. कोपऱ्यावर आता तीन मजली इमारत आहे आणि तिच्या खाली मोटारसायकली उभ्या असतात. विहीर बुजवलेली.

एस्तेरने हात काढून घेतला. फोनमध्ये हन्नाबाई विचारत होत्या, "काय गो, लागला का हात?" एस्तेर म्हणाली, "थोड्या वेळाने करते, आई," आणि फोन बंद करून ओट्यावर बसली.

"सर, हे नंतरही सांगता आलं असतं," मंदार हळूच म्हणाला.

"नंतर म्हणजे कधी? तिच्या आईला खोटे दार दाखवून झाल्यावर?"

माझे म्हणणे योग्य होते आणि आजही मी ते मागे घेत नाही. तरीही ओट्यावर बसलेल्या त्या बाईकडे मला पाहवेना.

एवढ्यात घराच्या मालकीणबाई वत्सलाताई बाहेर आल्या. "उन्हात भांडताव कशाला? आत या. पानी घ्या." मी आत गेलो. तांब्या तोंडाला लावला आणि सवयीने दाराकडे पाठ न करता, त्याच्याकडे तोंड करून प्यायलो. म्हणून ती गोष्ट माझ्या नजरेस पडली.

चौकटीची आतली बाजू पावसाने खाल्लेली होती. लाकडाच्या शिरा उघड्या पडलेल्या, तळाशी कडा झिजून गेलेल्या. पुष्कळ पावसाळे तोंडावर घेतलेल्या लाकडाची होते तशी दशा. बाहेरची बाजू मात्र गुळगुळीत. मी बोट फिरवून पाहिले. मग विचारले, "ताई, या दारातून पाऊस कधी आत येतो का?"

"नाय हो. म्होरं पडवी हाय ना."

"मग ही चौकट आतून भिजली कशी?"

वत्सलाताईंनी पदराने हात पुसले. "ती चौकट मूळची हितली नाय. कोपऱ्यावरचं घर पाडलं तवा सासऱ्यांनी लाकडं घेतली. सागवान हाय, टाकायचं कशाला? भिजकी बाजू वाईट दिसती म्हनून सुतारानं फिरवून बसवली. चांगल्या बाजूवर गनपती कोरला. का? काय झालं?"

मी तांब्या खाली ठेवला आणि बाहेर गेलो. जमलेल्या मंडळींसमोर मी माझे म्हणणे अर्धे खोडून काढले. घर चुकीचे आहे, ते चुकीचेच राहील. चौकट मात्र हन्नाबाईंच्या घरची आहे. ती उलटी बसवल्यामुळे उजवी बाजू डावीकडे गेली आहे. मंदारच्या चेहऱ्यावर हसू फुटू लागले, तेव्हा त्याला मी बजावले की त्याने घर चुकवले ते चुकवलेच.

"कोपऱ्यावरचं म्हंजे घानेवाल्यांचं," वत्सलाताई एस्तेरला म्हणाल्या. "त्यांची नात काय गो तू? मग भायेर कशाला बसलीस?"

एस्तेर उठली. दाराशी आली, हात उचलला आणि थबकली. "काका, कसा लावू? आई उजवा हात लावायची. आत शिरताना."

मी विचार केला. चौकट फिरवलेली, म्हणजे हन्नाबाई ज्या बाजूने आत येत, ती बाजू आता वत्सलाताईंच्या घरात होती.

"तुला आतून बाहेर यावे लागेल," मी म्हणालो.

एस्तेर वत्सलाताईंच्या घरात गेली. चुलीपाशी उभी राहून तिने पुन्हा फोन लावला. मग तो डाव्या हातात धरून ती दाराकडे चालत आली, उजवा हात खाचेवर ठेवला, ओठांना लावला आणि उंबरा ओलांडून पडवीतून थेट आळीत उतरली. आम्ही सगळे दोन्ही बाजूंना सरलो.

"शिरलीस का आत?" हन्नाबाईंनी विचारले.

भर उन्हात, रस्त्यावर उभ्या असलेल्या एस्तेरने इकडे तिकडे पाहिले. "शिरले, आई."

"काळोख असेल. माझी आई दिवसासुद्धा दिवा लावायची."

"नाही गो. भरपूर उजेड आहे."

वत्सलाताईंनी डोळ्यांना पदर लावला आणि मंदारला म्हणाल्या, "चा ठेवते. सगळ्यांनी घ्यायचा. त्या भांडखोर बाबांनी पन."

परतीच्या प्रवासात अंधार पडू लागला होता. एस्तेर झोपली होती. मंदार माझ्या पुढच्या बाकावर येऊन बसला आणि पुढच्या फेरीत ही हकीकत सांगू का, असे त्याने विचारले. सांग, मी म्हणालो. पण तो काय सांगेल, हे मला ठाऊक आहे. तो सांगेल की रोह्यात घर सापडले. म्हणून मी हे लिहून ठेवत आहे. घर सापडलेले नाही. ते पाडले आहे, त्यावर इमारत उभी आहे आणि विहीर बुजवली आहे. ज्यांनी ते पाहिले होते, त्यांच्यापैकी एक अश्दोदला अंथरुणावर आहे आणि एक ठाण्यात बसून हे लिहितो आहे. सापडली ती चौकट. तेवढ्यावर समाधान मानायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार हन्नाबाईंचा होता, आणि त्यांनी ते आधीच ठरवले होते : त्यांनी मागितला होता तो दाराला हात, घर नव्हे.