जज्जला पसंत पडलेला सायलेन्सर

कुजबुज अशी होती, की देवनरीनने नदीपलीकडच्या गावात बाई ठेवली आहे. पुरावा काय, तर त्याच्या मोटरसायकलचा आवाज गेला होता. ज्या फटफटीने अख्ख्या बर्बिस परगण्यातल्या कोंबड्या दचकायच्या, ती आता पहाटे मांजरीच्या पावलांनी निघून जायची. चोर आणि आशिक सोडले तर पहाटे आवाज लपवायची गरज कुणाला पडते?

दुकानातली मोहिनी त्याच्या बायकोला चिमटा काढायचीच. "वहिनी, नुसता सायलेन्सरच बदललाय ना?"

"बाई ठेवायला हिंमत लागते गं," सविता पीठ मोजून घेत म्हणायची. "यांना शर्ट निवडायला मी लागते."

देवनरीनचा जीव अडकला होता तो जज्जमध्ये. जज्ज म्हणजे त्याचा टोवा-टोवा, काळा, जाड चोचीचा पक्षी. आमच्याकडे रविवारी मैदानात दोन पिंजरे काठ्यांवर शेजारी टांगतात. ज्याचा पक्षी आधी पन्नास शिट्ट्या मारेल तो जिंकला. जज्ज घरी शंभर मारायचा. फटफटीच्या हँडलला लटकून मैदानात पोचला, की पिसं फुगवून गप्प. असे तीन रविवार गेले.

"जज्जसाहेब आजही रजेवर का?" रफीक न्हावी विचारायचा. शेवटी देवनरीन चारचौघांत बोलून बसला, "पुढच्या रविवारी हरलो, तर पक्षी तुझा!"

मग त्याने दाणे बदलले. नजर लागली म्हणून पिंजऱ्याला मिरच्या बांधल्या. ते पाहून कथबर्ट मेकॅनिक खो खो हसला.

"अरे, त्या तोफेला वीस मिनिटं लटकून तू गाऊन दाखव बरं!"

कथबर्टने तीन सायलेन्सर काढले आणि पिंजरा समोरच्या बाकावर ठेवला. पहिला सापासारखा फुसफुसला, जज्ज कोपऱ्यात. दुसऱ्याचा पत्रा खडखडला; जज्जने पाठ फिरवली. तिसरा लांब, फुगीर पोटाचा, एका जुन्या गाडीचा. कथबर्टने त्याच्या पोटात आवाज शोषणारा काचेचा नवा कापूस ठासून भरला आणि किक मारली. भजनात कुणी पेटीचा खालचा सूर धरून बसावं, तसा गोल, भरलेला आवाज. जज्जने मान ताणली आणि त्या सुरावर शिट्टी सोडली. मग दुसरी. मग थांबेचना.

"बसवू का?" कथबर्टने विचारलं.

"मला काय विचारतोस? निकाल लागला की!"

रविवारी जज्जचे पन्नास झाले तेव्हा रफीकचा पक्षी एकेचाळीसवर होता. रफीक मिशी चावत जवळ आला. "असला सायलेन्सर अजून एक मिळेल का रे?"

नदीपलीकडे बाई नव्हती. तो आठवडाभर देवनरीन रोज पहाटे जज्जला नव्या आवाजाची सवय लावायला समुद्राच्या बांधावर घेऊन जात होता.